इटलीचा पाद्री मदुराईत संन्यासी का झाला? परक्या देशात मिशनऱ्यांनी कपडे, जेवण आणि भाषा का बदलली?

१६०६ साली इटलीतल्या एका उमराव घराण्यातला २९ वर्षांचा तरुण पाद्री मदुराईत पोहोचला. थोड्याच काळात त्याने पाद्र्याचा काळा झगा काढून ठेवला आणि भगवी वस्त्रं घातली. पायात चामड्याच्या बुटांऐवजी लाकडी खडावा आल्या, हातात दंड आणि कमंडलू आला. मांस-मासे बंद, दारू बंद, दिवसातून एकदाच भात आणि भाजी, आणि तीही ब्राह्मण आचाऱ्याच्या हातची.

त्याचं नाव रोबेर्तो दे नोबिली. तो लोकांना सांगायचा, की मी रोमहून आलेला संन्यासी आहे.

हे वेषांतर होतं, फसवणूक होती, की समोरच्या समाजाचा आदर होता? हा प्रश्न तेव्हा थेट पोपच्या दरबारात गेला आणि त्यावर पुढची शंभर-सव्वाशे वर्षं भांडण चाललं. कपडे, आंघोळ, शेंडी, गंध आणि जेवणाचं ताट या रोजच्या गोष्टींवरून धर्मगुरू एकमेकांविरुद्ध तक्रारी करत होते. गंमत म्हणजे या गोष्टीतली बहुतेक मुख्य माणसं भारतात पहिल्यांदा उतरली ती आपल्या शेजारच्या गोव्यात.

काय होतं हे प्रकरण? समजून घेऊ.

मिशनरी म्हणजे कोण आणि ते 'जुळवून' का घेत होते?

मिशनरी म्हणजे आपल्या धर्माचा प्रसार करायला दुसऱ्या प्रदेशात गेलेली व्यक्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर कॅथलिक मिशनरी मोठ्या संख्येने आशियात आले. त्यात सर्वांत पुढे होते येशूसंघाचे पाद्री, म्हणजे जेझुइट. १५४० मध्ये या संघाला पोपची मान्यता मिळाली आणि १५४२ मध्ये त्यांचे फ्रान्सिस झेवियर गोव्यात आलेसुद्धा.

सुरुवातीला पद्धत सरळ होती. जो ख्रिस्ती होईल, त्याने पोर्तुगीजांसारखं नाव घ्यायचं, त्यांच्यासारखे कपडे घालायचे, त्यांच्यासारखं जेवायचं. म्हणजे धर्म बदलला की अख्खं घर बदलायचं.

पोर्तुगीज तोफा जिथे पोहोचल्या होत्या तिथे हे चाललं. पण जपान, चीन आणि दक्षिण भारतातल्या आतल्या भागात पोर्तुगीजांची सत्ताच नव्हती. तिथल्या लोकांना हे परके पाद्री घाणेरडे, उद्धट आणि अडाणी वाटायचे. अशा ठिकाणी बदलायची वेळ पाद्र्यांवर आली.

हे ज्यांनी आधी ओळखलं त्यात अलेस्सांद्रो वालिन्यानो होते. आशियातल्या जेझुइट कामावर देखरेख करायची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जपानमध्ये गेल्यावर त्यांनी १५८१ साली तिथल्या शिष्टाचारांवर पाद्र्यांसाठी एक मार्गदर्शिकाच लिहिली. कोणाला किती वाकून नमस्कार करायचा, पाहुण्याचं स्वागत कसं करायचं, स्वच्छता कशी ठेवायची, असे बारीकसारीक नियम त्यात होते. आधी माणसासारखं वागायला शिका, धर्माचं नंतर बोला, असा त्याचा अर्थ होता.

चीनमध्ये आधी भिक्खू, मग पंडित

मातेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यात उतरला. काही वर्षं गोवा आणि कोचीनमध्ये काढून तो १५८२ मध्ये मकाऊला पोहोचला आणि चिनी शिकू लागला. पुढच्या वर्षी त्याला आणि मिकेले रुज्जेरी या सहकाऱ्याला दक्षिण चीनमधल्या झाओचिंग शहरात राहायची परवानगी मिळाली.

चिनी लोकांना पाद्री म्हणजे काय हे कसं समजवायचं? दोघांना वाटलं, इथे धर्माची माणसं म्हणजे बौद्ध भिक्खू, तर आपणही तसेच दिसू. त्यांनी डोकं आणि दाढी भादरली आणि भिक्खूंचे झगे घातले.

ही मोठी चूक निघाली. त्या काळच्या चीनमध्ये राज्य चालवणारे अधिकारी हे कठीण परीक्षा देऊन वर आलेले कन्फ्यूशियसच्या परंपरेतले विद्वान होते. त्यांच्या नजरेत भिक्खूंना फारसा मान नव्हता. भिक्खूच्या वेषातल्या परदेशी माणसाशी बरोबरीने बोलायला कोणी तयार होईना. म्हणजे रिचीने समाज ओळखला होता, पण त्या समाजाची उतरंड ओळखली नव्हती.

चू रुकुई नावाच्या एका चिनी विद्वानाने त्याला भिक्खूचा वेष सोडायला सुचवलं. १५९५ च्या सुमारास रिचीने डोक्यावरचे केस आणि दाढी वाढवली, रेशमी झगा आणि विद्वानांची उंच टोपी घातली. पालखीतून फिरायचं, भेटीला जाताना आधी आपल्या नावाचा कागद पाठवायचा, मेजवानीत कोणी कुठे बसायचं याचे नियम पाळायचे, काड्यांनी जेवायचं, हे सगळं तो शिकला. त्याने 'ली मादोऊ' हे चिनी नाव घेतलं. त्याच वर्षी चिनी भाषेत त्याने मैत्रीवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते विद्वानांमध्ये भरपूर वाचलं गेलं.

१६०१ मध्ये तो राजधानी बीजिंगमध्ये पोहोचला. वानली सम्राटासाठी त्याने नेलेल्या भेटवस्तूंमध्ये घड्याळं होती. घड्याळांना नेमाने चावी द्यावी लागते, ती बिघडली तर दुरुस्त करावी लागतात, आणि हे काम पाद्र्यांनाच येत होतं. त्यामुळे राजवाड्यात त्यांचं जाणं-येणं सुरू झालं. सम्राटाची आणि रिचीची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

शू ग्वांगची या मोठ्या अधिकाऱ्याबरोबर त्याने युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं चिनीत आणली. ती १६०७ मध्ये छापली गेली. चिनी भाषेत जगाचा नकाशा काढताना त्याने चीन एका कडेला न ठेवता मध्याजवळ आणला. वाचणाऱ्याला आपला देश कोपऱ्यात दिसला तर तो नकाशाच बाजूला ठेवेल, हे त्याला कळलं होतं.

१६१० मध्ये रिचीचा बीजिंगमध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या दफनासाठी सम्राटाकडून जागा मिळाली. परदेशी माणसासाठी हे अगदी अपवादात्मक होतं. तो पुन्हा कधीच घरी गेला नव्हता.

मदुराईत 'परंगी' ही शिवी होती

आता परत दे नोबिलीकडे येऊ. १६०५ मध्ये गोव्यात उतरलेला हा पाद्री पुढच्या वर्षी मदुराईला गेला, तेव्हा तिथे नायक राजांचं राज्य होतं. तिथे आधीपासून गोंसालो फर्नांडिस नावाचा एक पोर्तुगीज पाद्री काम करत होता. तो पूर्वी सैनिक होता. त्याने चर्च बांधलं होतं, शाळा आणि दवाखाना चालवला होता. पण त्याच्या चर्चमध्ये येणारे लोक म्हणजे किनाऱ्यावरून आलेले परवर समाजातले ख्रिस्ती आणि पोर्तुगीज. मदुराईतलं बाकी कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं.

याचं कारण 'परंगी' या शब्दात होतं. आपल्याकडच्या 'फिरंगी'चंच हे तमिळ रूप. स्थानिक लोकांच्या मनात परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा, नीट आंघोळ न करणारा, चामड्याचे बूट घालून घरात शिरणारा माणूस. अडचण अशी होती, की ख्रिस्ती होणं म्हणजे परंगी होणं, असंच लोक समजत होते. ख्रिस्ती होण्यासाठी पाद्री जो प्रश्न विचारायचे, त्यातच 'परंगीच्या धर्मात यायचं आहे का' अशा अर्थाचे शब्द होते. म्हणजे पाद्री स्वतःच लोकांना शिवी स्वीकारायला सांगत होते.

दे नोबिलीने पहिल्यांदा जाहीर केलं, की मी परंगी नाही. त्याने फर्नांडिसपासून वेगळं घर केलं. तमिळ, तेलुगू आणि संस्कृत शिकायला सुरुवात केली. शिवधर्म नावाच्या ब्राह्मण पंडिताने त्याला संस्कृत शिकवलं. पुढे या शिवधर्माने स्वतः बाप्तिस्मा घेतला. दे नोबिलीने तमिळमध्ये मोठे ग्रंथ लिहिले आणि लोक त्याला 'तत्त्वबोधकर' म्हणू लागले.

शिवाय जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना त्याने जानवं, शेंडी आणि गंध ठेवू दिलं. या गोष्टी मूर्तिपूजेच्या नाहीत, त्या समाजातल्या स्थानाच्या खुणा आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. रोममधला उमराव विशिष्ट कपडे घालतो तसंच हे, असा त्याचा युक्तिवाद होता.

फर्नांडिसला हे पटणं शक्यच नव्हतं. त्याने १६१० मध्ये वरिष्ठांकडे सविस्तर तक्रार केली. हा माणूस हिंदूंसारखा राहतो, आपल्याच बांधवांपासून अंतर ठेवतो, आणि जे चाललंय ते ख्रिस्ती नाहीच, असा त्याचा सूर होता. प्रकरण गोव्यात गेलं, तिथे १६१९ मध्ये धर्मगुरूंची बैठक झाली, आणि शेवटी ते रोमला पोहोचलं. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निर्णय दिला. जानवं, शेंडी, गंध आणि आंघोळीचे रिवाज चालतील, फक्त त्यांना मूर्तिपूजेचा अर्थ देऊ नये. दे नोबिली जिंकला.

पण 'कोणासारखं' व्हायचं?

इथे या कहाणीचा सर्वांत अवघड भाग येतो.

दे नोबिली 'भारतीय' झाला असं आपण सहज म्हणतो. पण तो कोणत्या भारतीयासारखा झाला? तो उच्चवर्णीय संन्याशासारखा झाला. त्या वेषाबरोबर त्या वेषाचे नियमही आले. संन्याशाने कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या घरी जायचं, कोणाला किती अंतरावरून भेटायचं, हे सगळं जातीने ठरत होतं. ब्राह्मणांच्या घराचं दार उघडं राहावं म्हणून त्याला दलित आणि इतर खालच्या मानलेल्या जातींपासून उघडपणे लांब राहावं लागलं.

यावर १६४० पासून जेझुइटांनी एक तोड काढली. काही पाद्री ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहतील आणि काही 'पंडारस्वामी' होतील. पंडारम म्हणजे तमिळ भागातले ब्राह्मणेतर शैव साधू. या पंडारस्वामींना खालच्या मानलेल्या जातींमध्ये जाता येत होतं. बाल्थाझार दा कोस्टा हा पहिला पंडारस्वामी. संख्येने पाहिलं तर पुढचं बरंच काम याच पाद्र्यांनी केलं.

पण परिणाम काय झाला? एकाच संघाचे, एकच शपथ घेतलेले दोन पाद्री चारचौघांत एकत्र जेवू शकत नव्हते. तमिळ भागातल्या अनेक चर्चमध्ये जातीनुसार बसण्याच्या वेगळ्या जागा आल्या, वेगळ्या दफनभूमी आल्या. यातल्या काही भिंती आणि वेगळ्या दफनभूमींवरून विसाव्या-एकविसाव्या शतकातही आंदोलनं झाली. दलित ख्रिस्ती कार्यकर्ते आजही हा प्रश्न मांडतात.

म्हणजे परक्या संस्कृतीशी जुळवून घेणं ऐकायला छान वाटतं. पण कोणताही समाज एकसंध नसतो. तुम्ही ज्याचे कपडे घालता, त्याची बाजूही नकळत घेता. रिचीने विद्वानांची टोपी घातली तेव्हा त्याच्यासाठी भिक्खूंचं जग परकं झालं. दे नोबिलीने भगवं घातलं तेव्हा महारवाड्यासारख्या वस्त्यांची वाट त्याच्यासाठी बंद झाली.

मराठीत पुराण लिहिणारा इंग्रज

आता गोव्यात येऊ, कारण इथलं चित्र वेगळं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. प्रवासाचं वर्णन करणारं त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढच्या आयुष्यातली सुमारे चाळीस वर्षं साष्टी तालुक्यात गेली. ही गोव्याची साष्टी, मुंबईजवळची नव्हे. मराठी वाचक त्याला 'फादर स्टीफन्स' म्हणून ओळखतात.

त्याने कोकणी आणि मराठी इतकी आत्मसात केली, की १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' राशोल म्हणजेच रायतूर इथे छापलं गेलं. बायबलची कथा, पण रूप पुराणाचं. सुमारे ११ हजार ओव्या. स्वर्गासाठी 'वैकुंठ' असे ओळखीचे शब्द. मराठी छपाईचे खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावं लागलं. त्यात मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या ओव्या आहेत आणि त्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचल्या आहेत. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापलं गेलं.

मग स्टीफन्सही रिची आणि दे नोबिलीसारखाच का? पूर्णपणे नाही.

तो ज्या साष्टीत राहत होता, तिथे पोर्तुगीजांची सत्ता होती. १५६० च्या दशकात तिथली मंदिरं पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चौकशी करणारं न्यायालय सुरू झालं होतं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यात अकबराच्या दरबारात राहून आलेले रुदोल्फो आक्वाविवा होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावातल्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावलं आणि मारून टाकलं.

अशा वातावरणात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं गेलं. त्याच्या सुरुवातीच्या भागातच एक नवख्रिस्ती माणूस पाद्र्याला सांगतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं काही द्या. आधी काढून घेतलं आणि मग त्याच भाषेत, त्याच छंदात दुसरं दिलं, ही या पुस्तकाच्या जन्माची हकीकत आहे. म्हणून ते मराठीचं वैभवही आहे आणि एका तुटलेल्या परंपरेची खूणही.

गोव्यात तुळस आणि अळणी भातावर बंदी

स्टीफन्सच्या मृत्यूनंतर गोव्यात भाषेचीही सवलत गेली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावं.

१७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी बंदी असलेल्या गोष्टींची एक लांबलचक यादी काढली. ती वाचताना धर्मापेक्षा स्वयंपाकघर आणि कपाटच जास्त डोळ्यासमोर येतं. त्यातल्या काही गोष्टी अशा:

- पुरुषांनी घरात किंवा बाहेर धोतर नेसायचं नाही
- बायकांनी चोळी घालायची नाही
- हिंदूंच्या पद्धतीने मिठाशिवाय भात शिजवायचा नाही
- घरात, अंगणात तुळस लावायची नाही
- लग्नात विडा-सुपारी आणि फुलं वाटायची नाहीत
- लग्नात हळद लावायची नाही, ओव्या गायच्या नाहीत

ज्या ओवीत स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा लिहिली होती, तीच ओवी लग्नात गायला आता बंदी होती. आणि एकाच चर्चमध्ये, एकाच पोपच्या हाताखाली, मदुराईकडचे पाद्री गंध आणि भगवं वापरत आले होते, तेव्हा गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला घरात धोतर नेसायची चोरी होती.

फरक कशाचा होता? देव तोच, बायबल तेच. फरक सत्तेचा होता. मदुराई आणि बीजिंगमध्ये पाद्री पाहुणे होते. राजाने हाकललं तर निघून जावं लागलं असतं, म्हणून ते बदलले. गोव्यात ते राज्यकर्त्यांबरोबर होते, म्हणून बदलण्याचं ओझं लोकांवर पडलं.

रोमने दार बंद केलं

दे नोबिलीच्या बाजूने १६२३ मध्ये लागलेला निकाल टिकला नाही. चीनमध्येही वाद पेटला. ख्रिस्ती चिनी माणसाने पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावायची की नाही? कन्फ्यूशियसला वंदन करायचं की नाही? देवासाठी कोणता चिनी शब्द वापरायचा? जेझुइट म्हणत, पूर्वजांना नमस्कार म्हणजे कुटुंबातला आदर, पूजा नव्हे. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघांचे पाद्री म्हणत, ही सरळसरळ मूर्तिपूजा आहे.

कांगशी सम्राटाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला परवानगी दिली होती. पण १७०४ आणि १७१५ मध्ये पोपने या चिनी रिवाजांवर बंदी घातली. हजारो मैलांवरचा, चिनी न येणारा माणूस आमचे रिवाज काय आहेत हे ठरवतो, हे सम्राटाला सहन झालं नाही. त्यानेही मिशनऱ्यांच्या प्रचारावर बंदी आणली. त्याच्या मुलाच्या काळात १७२४ मध्ये ती आणखी कडक झाली.

पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये चीनसाठी आणि १७४४ मध्ये दक्षिण भारतासाठी बंदीवर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. चर्चने आपलं मत बदलायला १९३९ उजाडलं. पूर्वजांना वंदन करणं हा नागरी रिवाज आहे असं तेव्हा पोप बारावे पायस यांच्या काळात मान्य झालं. १९६२ ते १९६५ मधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तर स्थानिक भाषा आणि संगीत हा कॅथलिक चर्चचा नियमच झाला.

मधल्या काळात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनाही हाच प्रश्न पडला. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याने १८५५ मध्ये चीनमध्ये कपाळावरचे केस काढून मागे वेणी घेतली आणि चिनी झगा घातला. शांघायमधले युरोपीय त्याला हसले. त्याच्या 'चायना इनलँड मिशन'मध्ये पुढे हा वेष सर्वांनी घ्यायचा होता, बायकांनीसुद्धा. पण तोवर अफू युद्धांनंतर मिशनरी आणि युरोपीय तोफा यांचं नातं लोकांच्या मनात पक्कं झालं होतं. १९०० च्या बॉक्सर उठावात या मिशनचे ५८ प्रौढ आणि २१ मुलं मारली गेली. कपडे बदलले तरी मागे उभी असलेली सत्ता लोकांना दिसतच होती.

महाराष्ट्रात काय झालं?

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, त्यांना परत पाठवायचा प्रयत्न झाला. शेवटी राहायची परवानगी मिळाली आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. हे लोक मराठी शिकले, त्यांनी शाळा आणि छापखाना काढला. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना हॉल कॉलऱ्याने वारला. सिंथिया फरार १८२७ मध्ये एकटी आली आणि मुंबई-अहमदनगरला मुलींच्या शिक्षणात तिने आयुष्य घालवलं.

पण कोट-पँट, गाऊन, टेबल-खुर्ची आणि बंगला त्यांनी सोडला नाही. भाषा मराठी, राहणी साहेबी. त्यामुळे इथल्या नवख्रिस्ती माणसापुढे जुनाच प्रश्न आला. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं का?

याचं उत्तर इथल्याच माणसांनी दिलं. नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही स्वतःची वाट धरली. घरातला बदल किती हळू होतो हे वाचायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या काही काळ आपलं सोवळं आणि वेगळं पाणी सांभाळत होत्या. जातीचा विटाळ त्यांच्या मनातून कसा गेला, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर उलट्या दिशेची आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी तिथल्या सिस्टरला पत्रातून विचारला होता. धर्म घेतला म्हणून तुमचं ताट आणि तुमची भाषा का घ्यायची, हेच त्या विचारत होत्या.

मग याकडे कसं पाहायचं?

सोशल मीडियावर या विषयाच्या दोनच बाजू दिसतात. एका बाजूला 'ते महान होते, त्यांनी आपली भाषा वाढवली'. दुसऱ्या बाजूला 'सगळं नाटक होतं, धर्मांतरासाठी केलं'. धर्मप्रसार हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. पण तोंडदेखलं म्हणून कोणी चाळीस वर्षं एखादी भाषा जगत नाही, हेही खरं आहे. शिकता शिकता ती माणसंही बदलली.

म्हणून पुढच्या वेळी 'अमका परदेशी माणूस आपल्यासारखा राहिला' अशी पोस्ट दिसली, तर दोन प्रश्न विचारून पाहा. तो आपल्यापैकी नेमका कोणासारखा राहिला? आणि त्याच्याकडे सत्ता असती, तर तो बदलला असता का?

जाता जाता एक गोष्ट. १७३६ च्या यादीने हळद बंद केली, पण गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाआधी आजही वधू-वराला 'रोस' लावतात. म्हणजे हळदीऐवजी नारळाचं दूध. घरातल्या बायका जमतात, गाणी म्हणतात आणि लग्नाची सुरुवात होते.